लिफ्टच्या आधीच्या चार पायऱ्या

आमच्या मल्टीत लिफ्ट आहे. इंदूरला बहुमजली इमारतीला सगळेच मल्टी म्हणतात, मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच ठेवते. 2009 साली रामबागेतले बैठे घर सोडून आम्ही सुदामा नगरच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, फ्लॅट पसंत करताना पहिला प्रश्न लिफ्टचाच विचारला होता. बिल्डरने दार उघडून, आतला दिवा लावून ती मोठ्या अभिमानाने दाखवली. त्या दिवशी पार्किंगमधून चार पायऱ्या चढून आम्ही लिफ्टपाशी गेलो होतो आणि त्या चार पायऱ्या आमच्यापैकी एकाच्याही लक्षात राहिल्या नव्हत्या. मी तर एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात बावीस वर्षे नकाशे काढण्याचे काम करते. अशा पायऱ्या मी स्वतः कितीतरी इमारतींच्या नकाशांत आखल्या आहेत, आणि तरीही त्या मला दिसल्या नाहीत.

2022 च्या नोव्हेंबरात नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा मात्र पंधरा दिवसांत बरीचशी परत आली. रुग्णालयातून त्यांना घरी आणले त्या दुपारी माझे यजमान, वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरची दोन मुले अशा चौघांनी चाकाच्या खुर्चीसकट त्यांना उचलून त्या चार पायऱ्या चढवल्या. खुर्ची तिरकी झाली तेव्हा नानांनी डाव्या हाताने वॉचमनची कॉलर घट्ट धरली होती. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेला माणूस, ज्याने आयुष्यात कोणाला ‘जरा हात द्या’ असे म्हटले नाही, तो लिफ्टमध्ये शिरल्यावर त्या वॉचमनची कॉलर सारखी करीत होता. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ, डॉक्टरांकडे जाण्याचे दिवस सोडले, तर नाना खाली उतरले नाहीत. लिफ्ट चालू होती. ती रोज तिसऱ्या मजल्यावर येत होती आणि तिचा आवाज त्यांना खाटेवर ऐकू येत होता.

घराच्या आत आधी काम निघाले, कारण आत आमचेच राज्य होते. साधी चाकाची खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत पंचवीस-सव्वीस इंच भरते आणि आमच्या संडासाचे दार दोन फुटांचे. नकाशात खोल्यांना तीन फुटांचे दार, न्हाणीघराला अडीच आणि संडासाला दोन, ही वाटणी आम्ही हाताला लागलेल्या सवयीने करतो. त्यामागे काही शास्त्र नाही, जागा वाचते एवढेच. 900 मिलिमीटर मोकळी रुंदी असावी असे केंद्र सरकारची सुगम्यतेची, म्हणजे कोणालाही अडथळ्याविना ये-जा आणि वापर करता यावा यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कागदावर दार रुंद करायला मला एक रेघ सरकवावी लागते. बांधलेल्या घरात तेच करायला चौकट उखडावी लागली, टाइल्स फुटल्या, पाण्याची एक नळी वळवावी लागली आणि आठ दिवस घरात सिमेंटची धूळ होती.

न्हाणीघराच्या उंबरठ्यावर मात्र आमचे काम दोन दिवस अडले. तीन इंचांचा तो काळ्या दगडाचा उंबरठा पाणी बाहेर येऊ नये म्हणून होता, आणि गवंड्याने छिन्नी लावताच सासूबाई पुढे आल्या. त्या उंबरठ्याला कुठले हळदकुंकू लागत नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. पण दाराला उंबरठाच नसावा ही कल्पना त्यांना सहन होईना. आपल्याकडे उंबरठ्यावर सून माप ओलांडते, दिवाळीला त्यावर रांगोळीची बोटे उमटतात, घराचे आत आणि बाहेर त्यावर ठरते. शेवटी आम्ही दगड काढला, आतल्या फरशीला जाळीकडे नीट उतार दिला आणि दगडाच्या जागी फरशीच्या पातळीत बसणारी पितळेची एक बोटभर रुंद पट्टी टाकली. चाक तिच्यावरून आवाज न करता जाते. सासूबाई ती पट्टी आता पीतांबरीने घासतात.

माझ्या माहेरच्या जुन्या वाड्यात, जुन्या इंदुरात, माडीवर जायला लाकडी दादर होता आणि त्याच्या तोंडाशी वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर लोंबत असे. आजी तो धरून चढायची, आणि हातांच्या घामाने तो दोर एका विशिष्ट उंचीवर काळा, गुळगुळीत झाला होता. त्या दादराची चढण आजच्या कुठल्याही नियमात बसणार नाही, आणि जुने सगळे चांगले होते असे मला म्हणायचे नाही. पण त्या घरात कोणीतरी म्हाताऱ्या माणसाच्या हाताचा विचार करून दोर बांधला होता. आमच्या मल्टीत चार पायऱ्यांच्या बाजूला हाताने धरायला काहीही नव्हते. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्कूटी.

त्या पायऱ्या तिथे का असतात, हे मी सांगू शकते. खाली खांबांवर उभे पार्किंग, त्यातून वर जाणारा जिना आणि लिफ्ट, हा आता आपल्या शहरांतला सर्वसाधारण आराखडा आहे. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पावसाचे पाणी शिरले तर यंत्रणा बिघडते, म्हणून लिफ्टसमोरचा चौथरा पार्किंगपेक्षा उंच घेतात. कारण खरे आहे, उपाय मात्र आळसाचा आहे. पार्किंगच्या सगळ्या फरशीला लिफ्टपासून दूर जाणारा हलका उतार देता येतो आणि लिफ्टच्या दाराआधी जाळीची आडवी नाली काढून पाणी अडवता येते. हे आधी ठरवले तर त्याला वेगळा खर्च जवळपास पडत नाही. नंतर ठरवले तर काय होते, ते आमच्या पायऱ्यांनी शिकवले. प्रत्येक पायरी सहा इंचांची, चार मिळून दोन फूट. चाकाच्या खुर्चीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांना चोवीस फूट, आणि खुर्ची वळवायला वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. हा हिशेब मी नानांना सांगितला तेव्हा त्यांनी खाटेवरूनच विचारले, ‘‘मग किती गाड्यांची जागा जाते?’’ त्यांना प्रश्नाचे मर्म माझ्याआधी कळले होते.

दीड गाडीची जागा जात होती. रहवासी संघाच्या बैठकीत मी नकाशा मांडला तेव्हा कोणी वाईट बोलले नाही, हे मला आवर्जून लिहायचे आहे. सगळ्यांनी नानांची चौकशी केली. एकाने सुचवले की चार फळ्या टाकून काम होईल, दुसऱ्याने सांगितले की गरज पडेल तेव्हा मुले आहेतच, उचलून नेतील. तिसऱ्यांनी, जे मनाने खरोखर चांगले आहेत, असे विचारले की एका घरासाठी सगळ्यांची सामाईक जागा कशी द्यायची. जिना, पार्किंग, लिफ्टसमोरचा चौथरा हे कोणा एकाचे नसते. मध्य प्रदेशच्या 2000 सालच्या प्रकोष्ठ स्वामित्व, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या, अधिनियमाने सामाईक भागांत सगळ्या फ्लॅटधारकांचा अविभक्त हिस्सा मानला आहे, आणि त्यामुळे एकट्याने तिथे एक वीटही हलवता येत नाही. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. मी घरी येऊन कायदा वाचायला बसले. आमच्या कार्यालयात कायद्याची पुस्तके असतात, पण आम्ही त्यांतून जागा सोडण्याचे आणि उंचीचे आकडे तेवढे पाहतो.

दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 सालचा आहे आणि तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा 1995 चा कायदा मोजक्या अपंगत्वांपुरता होता, नव्याने 21 प्रकार मानले. या नव्या कायद्याच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे, ज्याला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. त्या कराराच्या नवव्या कलमात सुगम्य असायला हव्यात अशा ठिकाणांची नावे आहेत: शाळा, घरे, वैद्यकीय सेवा, कामाच्या जागा. घरे हा शब्द तिथे स्पष्ट आहे. आपल्या अधिनियमात मात्र ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेची व्याख्या करताना शिक्षणाच्या, व्यापाराच्या, धर्माच्या, करमणुकीच्या, उपचारांच्या, न्यायालयांच्या, रेल्वे स्थानकांच्या, बस स्थानकांच्या इमारतींचा उल्लेख झाला आणि माणूस जिथे रात्री निजतो ती इमारत यादीत आलीच नाही. मी ती व्याख्या तीनदा वाचली. शेवटच्या ओळीत विमानतळ आणि जलमार्गसुद्धा आहेत.

तरीही कायद्याचे दार पूर्ण बंद आहे असे मला वाटत नाही, आणि याच ठिकाणी माझे नकाशे काढणाऱ्या बाईचे डोळे उपयोगी पडले. 45 वे कलम जुन्या इमारतींविषयी आहे, आणि त्यात सार्वजनिक इमारत असेच शब्द आहेत. त्या इमारती पाच वर्षांत सुगम्य कराव्यात असे ते सांगते. 44 वे कलम नव्या बांधकामाविषयी आहे आणि त्याची भाषा वेगळी आहे. कोणत्याही आस्थापनेला कोणतेही बांधकाम करण्याची परवानगी, आराखडा केंद्राच्या सुगम्यता नियमांनुसार नसेल तर, देऊ नये, आणि ते नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे ते म्हणते. तिथे ‘सार्वजनिक’ हे विशेषण नाही. आस्थापनेच्या व्याख्येत खासगी कंपनी, भागीदारी पेढी, सहकारी किंवा अन्य संस्था असे सगळे येतात. फ्लॅट बांधून विकणारी कंपनी आस्थापना नाही, असे कोण म्हणू शकेल? पण या कलमाला दात यायचे ते नियमांतून, आणि 2017 च्या नियमांतल्या पंधराव्या नियमाने इमारतींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जोडली ती पुन्हा सार्वजनिक इमारतींचीच होती. कलमाने जेवढे उघडले तेवढे नियमाने लावून घेतले.

नगर निगमातून नक्शा पास करून घेणे हे आमच्या धंद्याचे रोजचे काम आहे. तळमजल्यावर उताराची एक रेघ आणि बाणाचे चिन्ह मी अनेक नकाशांत दाखवले आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्या जागी कुंड्या ठेवलेल्या किंवा जनित्र बसवलेले मी पाहिले आहे, आणि काही ठिकाणी तो उतार इतका उभा बांधलेला असतो की त्यावरून मोटारसायकल चढते, खुर्ची चढत नाही. केंद्राने राज्यांसाठी काढलेल्या जुन्या नमुना इमारत उपविधींत अपंगांसाठीच्या सोयींचे सगळे प्रकरण दिल्यावर हे प्रकरण निवासी इमारतींना लागू नाही असे वाक्य लिहिलेले होते. माझी पिढी त्या वाक्याच्या छायेत नकाशे काढायला शिकली. निवासी इमारत म्हणजे खासगी, आणि खासगी म्हणजे ज्याने त्याने आपले पाहावे, ही समजूत आमच्या हातात इतकी भिनली आहे की नियम बदलला तरी हात लवकर बदलत नाही.

राजीव रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ 2005 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. रस्ते, वाहतूक, इमारती दृष्टिहीनांना सुरक्षितपणे वापरता याव्यात, एवढी त्यांची मागणी होती. 15 डिसेंबर 2017 रोजी न्यायालयाने कालबद्ध आदेश दिले आणि ते किती पाळले गेले हे पाहता पाहता 8 नोव्हेंबर 2024 चा निकाल आला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात पंधराव्या नियमाचा पहिला उपनियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला गेला. कायदा सुगम्यता सक्तीची करतो आणि नियम मात्र शिफारशींचे पुस्तक हातात देतो, हे चालणार नाही, असे त्याचे सार. ज्यात तडजोड होणार नाही असे किमान नियम वेगळे काढा, ते तीन महिन्यांत करा, आणि ते न पाळणाऱ्यांचे पूर्णत्वाचे दाखले अडवा, दंड लावा, असे न्यायालयाने सांगितले. अधिनियमाच्या 89 व्या कलमात पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्याला 50,000 ते 5,00,000 रुपयांपर्यंत दंड आहे. एका फ्लॅटच्या किमतीपुढे हे आकडे किती लहान आहेत ते मी रोज पाहते. दाखला अडणे ही त्यापेक्षा खरी शिक्षा आहे, कारण दाखल्याविना ताबा देताना बिल्डरची झोप उडते.

वाचता वाचता मी नानांना दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल विचारले. अर्धांगवायूने आलेली हालचालीची असमर्थता कायद्यात बसते, 40 टक्क्यांपासून पुढे अनेक सवलती लागू होतात, आणि रहवासी संघापुढे तो कागद ठेवता आला असता. नाना थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘मी अपंग नाही गं, मी म्हातारा आहे.’’ त्यात दुखावलेपण होते की नुसता तपशील दुरुस्त करणे होते, मला कळले नाही. पण त्या वाक्याने मला कायद्यातली एक फट दाखवली. म्हाताऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे, 2007 चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा. निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, औषधोपचार यांच्याबरोबर निवारा हा शब्द आहे. मुलांनी सांभाळले नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारावा, असेही 19 वे कलम म्हणते. म्हाताऱ्या माणसाचे घर हिरावले जाते ते मुला-सुनांकडून, असे या कायद्याने गृहीत धरले आहे, आणि अशी घरे आहेत हे मला नाकारता येणार नाही. पण नानांना कोणी टाकले नव्हते. त्यांचे घर त्यांच्याच नावावर होते, पोळी गरम मिळत होती, आणि तरीही ते घराबाहेर जाऊ शकत नव्हते. या गोष्टीला 2007 च्या कायद्यात नाव नाही, कारण पायरी ही कोणाची मुलगी किंवा मुलगा नसते.

2011 च्या जनगणनेत साठीच्या वरचे 10.38 कोटी लोक मोजले गेले आणि अपंग म्हणून नोंदलेले 2.68 कोटी. नानांसारखे कितीजण दुसऱ्या आकड्यात यायला हवे होते आणि पहिल्यातच राहिले, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सरकारी योजनांत या लोकांची आठवण अजिबात नाही, असे नाही. 2016 च्या अधिनियमाचे 37 वे कलम घरांच्या योजनांत 5 टक्के आरक्षण देते, प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत अपंग व ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा असे लिहिले आहे. 2019 मध्ये केंद्राने निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना सूचनाही काढल्या, ज्यांत न घसरणारी फरशी, धरायचे दांडे, रुंद दारे हे सगळे आले. पण निवृत्तांच्या वसाहतीत जाणारे किती? बहुतेक माणसे जिथे संसार केला तिथेच म्हातारी होतात. ज्या मल्टीत तिशीची जोडपी गृहकर्ज काढून आली, तिथेच पुढे त्यांचे गुडघे जातात. आमच्या बैठकीत पार्किंगसाठी बोलणारे बहुतेकजण साठीकडे झुकलेले होते.

इंग्लंडने 1999 पासून नव्या घरांना नियम लावला की प्रवेशाच्या मजल्यापर्यंत शक्यतो पायरीविना जाता यावे आणि त्या मजल्यावर पाहुण्यालाही वापरता येईल असे शौचालय असावे. अमेरिकेत घरांच्या बाबतीतल्या भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याच्या 1988 च्या दुरुस्तीने 13 मार्च 1991 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतींना सुगम्य प्रवेश, रुंद दारे, आधाराचे दांडे पुढे बसवता येतील अशा पक्क्या भिंती बंधनकारक केल्या. लिफ्ट असेल तर सगळ्या घरांना आणि नसेल तर तळमजल्यावरच्या घरांना. जपानच्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून ज्येष्ठांच्या घरात दांडे बसवायला, उंबरठे काढायला 2,00,000 येनपर्यंतच्या खर्चाचा मोठा भाग मिळतो. उंबरठे काढण्यासाठी एखाद्या देशाने विमा ठेवावा, हे वाचून मला सासूबाईंची पितळी पट्टी आठवली.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटली ती एलेनॉर स्मिथ या बाईंची मागणी. बालपणी पोलिओ झालेल्या आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या या बाईंनी 1987 मध्ये अटलांटात असे मांडले की अपंगांसाठी वेगळी घरे नकोत, प्रत्येक नव्या घरात तीन गोष्टी पुरेत: पायरी नसलेला एक प्रवेश, खुर्ची जाईल एवढी दारे, आणि त्याच मजल्यावर आत शिरता येईल असे एक न्हाणीघर. कारण माणूस फक्त आपल्या घरात राहत नाही, तो दुसऱ्यांकडे जातो. आमच्याकडे गणपतीत घरोघर दर्शनाला जायचे असते, चैत्रात हळदीकुंकू असते, साहित्य सभेच्या शारदोत्सवानंतर चौघे कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसून वक्त्याची चिकित्सा करतात. नानांचे शाळेतले स्नेही दोन्ही गुडघ्यांनी अधू आहेत. दोघांचे फोनवर रोज बोलणे होई, आणि दोघांच्या घरांत दोन किलोमीटरचे अंतर आणि दोन्हीकडच्या मिळून तेरा पायऱ्या होत्या.

आमच्या कार्यालयात हिशेब पाहणारी एक मुलगी आहे. लहानपणच्या आजाराने तिचा एक पाय कमजोर आहे, कॅलिपर लावून आणि कुबडी घेऊन चालते. भाड्याने खोली शोधताना तिला तळमजला हवा असतो आणि न्हाणीघरात भिंतीला एक दांडा. दोन ठिकाणी घरमालकांनी तिला पाहून खोली दुसऱ्याला दिल्याचे सांगितले. एका काकूंनी स्वच्छ विचारले की तू पडलीस तर जबाबदारी कोणाची. तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली, पण भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळाली नाही. अमेरिकेच्या त्याच कायद्यात भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने असे बदल करू देण्याचे बंधन घरमालकावर आहे. जाताना भिंत पूर्ववत करून द्यावी अशी अट तो घालू शकतो. आपल्या 2016 च्या कायद्यात भेदभावाला मनाई आहे, वाजवी सोयीची कल्पना आहे, पण भाड्याच्या खोलीतल्या दोन भोकांविषयी थेट बोलणारे एक वाक्य नाही. ती मुलगी बादली उलटी घालून तिच्या आधाराने उठते. हे तिने मला जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, अगदी साध्या स्वरात सांगितले.

दुसऱ्या बैठकीला मी कायद्याच्या प्रती घेऊन गेले, पण खरे सांगायचे तर कायद्याने आमचा उतार बांधला नाही. आमची इमारत 2009 ची, जुनी. तिला थेट पकडणारे कलम मला सापडले नाही, आणि ते सापडल्याचा आव मी आणला नाही. मी एवढेच सांगितले की रहवासी संघही कायद्याच्या व्याख्येत संस्था म्हणून येऊ शकतो, आणि आज ना उद्या हा प्रश्न प्रत्येक इमारतीपुढे येणार आहे. मग उतार काटकोनात वळवून काढलेला नवा नकाशा दाखवला: बारा फूट, मध्ये पाच फुटांची सपाट जागा, पुन्हा बारा फूट. आमच्या गाडीची जागा आम्ही सोडणार होतो, अर्धी जागा आणखी हवी होती. ती दुसऱ्या मजल्यावरच्या जैन भाभींनी दिली. त्यांनी काही भाषण केले नाही. त्यांच्या सुनेचे बाळंतपण सिझेरियनने झाले होते आणि टाके असताना ती पायऱ्यांवर भिंत धरून थांबली होती, तेवढे त्यांना आठवत होते. बाळाची गाडीही रोज उचलावी लागत होती, असे त्या म्हणाल्या, आणि मग गॅसच्या टाक्या, पाण्याचे जार, कूलर यांची यादी सगळेच सांगू लागले.

काम पंचवीस दिवस चालले. कोबा केल्यावर ठेकेदाराने पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला, तो मी पुन्हा खरवडायला लावला, कारण ओल्या चाकाला पकड हवी. पण कठड्याच्या बाबतीत मी कामावर असताना तो चुकला. नाना आता चौपायी काठी घेऊन वीस-पंचवीस पावले चालतात आणि त्यांचा डावा हातच काय तो धरू शकतो. वर चढताना डावीकडे असलेला दांडा उतरताना उजवीकडे येतो, म्हणूनच दोन्ही बाजूंना दांडे हवेत असे मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले असते; ती ओळ मी अनेकदा नकाशात उतरवली होती, तिचा अर्थ मला नानांच्या हातामुळे समजला. ठेकेदाराने भिंतीच्या बाजूचा दांडा बसवला आणि दुसऱ्या बाजूचा पाइप कमी पडला म्हणून सोडून दिला.

गेल्या रविवारी सकाळी नाना खुर्चीतून खाली गेले. मी मागून धरले होते आणि त्या लांब, सावकाश उतारावर मला जोर लावावा लागला नाही. फाटकापाशी भाजीची गाडी उभी होती. त्यांनी गिलक्यांचा भाव विचारला, एक उचलून देठाशी नखाने दाबून पाहिले, जून आहे म्हणून परत ठेवले आणि दुसरी निवडून काढली. पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून, डाव्या हाताने, बराच वेळ घेऊन दिले. भाजीवाला थांबून राहिला. परतताना त्यांना चालत वर जायचे होते, आणि ते गेले, दांडा धरून, मधल्या सपाट जागेवर एकदा थांबून. उतरण्यासाठी दुसऱ्या बाजूचा पाइप बुधवारी येणार आहे.